हे पहिल्या वर्षाला झालंय

मला झाळता येतं आणि झाळता येणं ही काही विशेष गोष्ट असते, हे मला अकरावीत कोल्हापूरला गेल्यावर कळलं. तोवर वाटायचं, भाकरी थापता येते तसं हेही बाईमाणसाला येतच असणार. हुपरीत आमच्या गल्लीत घरोघर चांदीचे पैंजण व्हायचे. वडील एका व्यापाऱ्याचा माल घेऊन परमुलखात फिरतीवर, वर्षातून दोनदा घरी. त्यामुळे काम करणाऱ्या आम्ही दोघीच, आई आणि मी. चांदीच्या तारेच्या बारीक कड्या एकीत एक अडकवायच्या, सांध्यावर टाकणखार लावायचा आणि फुंकणीनं ज्योत वळवून तो सांधा झाळायचा, म्हणजे तापवून पक्का जोडायचा. एका पैंजणात किती सांधे असतात ते मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर पळून गेले असते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दहावी झाले. गुण बरे होते. पण मी निवडलं ते व्होकेशनल, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स, कारण ते कॉलेज सकाळचं होतं आणि दुपारी घरी येऊन कामाला बसता यायचं. दुसरं कारण असं, की त्यात गणित नव्हतं. सरकारी कागदावर त्या अभ्यासक्रमाचं नाव ‘किमान कौशल्यावर आधारित’ असं होतं. हा ‘किमान’ शब्द ज्यानं निवडला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

आमच्या विभागाला मिळून एकच सर. पहिल्याच प्रात्यक्षिकाला त्यांनी माझा बोर्ड हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर नेऊन पुन्हा पाहिला. बाकीच्यांच्या सांध्यांवर शिशाचे गोळे झाले होते.

“कुठं शिकलीस गं?”

“घरात.”

“घरात काय रेडिओ करता?”

“न्हाय सर. पैंजण.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्या दिवसापासून नवीन मुलांना झाळकाम दाखवायचं ते मीच. माझी छाती तेव्हा इतकी फुगली होती, की आता आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

त्याच सरांनी सांगितलं, की बारावी व्होकेशनल झालेल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. आपण दोन वर्षं जे हाताचं काम शिकलो, ते डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या जागी धरतात. ते वर्ष माफ. मी घरी आले आणि पायातली चप्पल काढायच्या आधी आईला हे सांगितलं.

“म्हंजे तिनाचं दोनात?” आईनं विचारलं.

“व्हय.”

“आन् शेवटाला इंजिनेर तेवढाच? का निम्मा?”

“तेवढाच.”

आईनं हातातला चिमटा खाली ठेवला. ती काम करताना तो कधी खाली ठेवत नसे. “मग दोन वरसं मी वडते,” ती म्हणाली. “तुझ्या वाटणीचं बी मीच वडते. दोन वरसं टिकत्यात माझं डोळं. तिसऱ्याचं सांगत न्हाय.”

ती उगाच बोलत नव्हती. ज्योतीकडं आणि बारीक कड्यांकडं बघून बघून तिची नजर उतरत चालली होती. काम दरवर्षी थोडं थोडं नाकाजवळ येत होतं. तेव्हा ठरलं ते असं: दोन वर्षं तिनं दोघींचं काम करायचं, मी डिप्लोमा घ्यायचा, शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात नाहीतर टेलिफोनमध्ये नोकरी धरायची, आणि त्या दिवशी तिनं चिमटा कायमचा ठेवायचा. तेव्हा तिला दिसत असायला हवं होतं, एवढीच त्यातली अट. वडिलांना फिरतीवर पत्र गेलं, त्यांचा होकार आला. होकार आला नसता तरी आई थांबली नसती.

‘डायरेक्ट’ हा शब्द तिनं गल्लीभर वाटला. नळावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं. पुढं पुढं बायका मलाच डायरेक्ट म्हणायला लागल्या. “डायरेक्ट आली का गं कॉलेजातनं?” मला ते आवडायचं.

बारावीचा निकाल लागला. मी विभागात पहिली. प्रवेशाच्या दिवसात सरांनी मला बोलावून घेतलं. मी एकटीच आत गेले. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, ती बाहेर पटांगणात उभी राहिली.

“दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षाच्या यादीतही तुझं नाव लागलंय,” सर म्हणाले. “पहिलं वर्ष घे.”

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

“दोन वर्षांत तू गणित केलंयस कुठं? तुझा हात लांब गेलाय, बाकीचं मागं राहिलंय. हक्क आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही. एक वर्ष जाऊ दे. पाया होईल.”

मी मान हलवली. बाहेर आले तर आई विचारते, काय म्हणाले सर? मी म्हटलं, शाबासकी दिली. ही पहिली थाप. नंतरच्या सगळ्या हिच्याच पोटच्या. त्या क्षणी मला तिचे डोळे दिसत होते, हे खरं. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त गल्ली दिसत होती. डायरेक्ट म्हणवून घेतलेल्या पोरीनं पहिल्या वर्षात जाऊन बसायचं म्हणजे काय.

पॉलिटेक्निकच्या खिडकीतल्या कारकुनानं दोन याद्या पाहिल्या आणि वर बघून विचारलं, “दोन्हीकडं नाव हाय. कुठलं घ्यायचं?” अजून वेळ होता. तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं सरळ झालं असतं. माझ्या आधी आई बोलली.

“पावणं, डायरेक्ट लिवा.”

तो हसला आणि त्यानं पहिल्या वर्षाच्या यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली.

वर्गात आम्ही चौघं डायरेक्टवाले होतो, तीन मुलं आणि मी. आम्ही आल्यामुळं एक बाक जास्तीचा आणावा लागला होता, तो मागं भिंतीला लागून टाकला होता. प्रयोगशाळेत मी राज्य केलं. तिथं माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. आणि गणिताच्या तासाला मी मुकी.

गणिताचे सर माणूस म्हणून चांगले होते. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर एक उभं, लांब वळण काढलं. पैंजणाच्या टोकाला अडकवायची जी इंग्रजी एससारखी वळलेली कडी असते तशीच ती आकृती, फक्त ताणलेली. म्हणाले, “इंटिग्रेशन. यात नवीन काही नाही. डेरिव्हेटिव्ह उलटं करायचं. डेरिव्हेटिव्ह पहिल्या वर्षाला झालंय.” साठ माना हलल्या. पुढच्या ओळीला त्रिकोणमितीचं सूत्र आलं. “हे पहिल्या वर्षाला झालंय.” लॉगरिदम आले. “हेही झालंय.” महिनाभर मी फक्त हे ‘झालंय’ ऐकत होते. सगळ्यांचं सगळं झालेलं होतं. माझंही कागदावर झालेलं होतं.

एकदा धीर करून हात वर केला. “सर, आमचं पहिलं वर्ष झालेलं नाही.”

“झालं नाही कसं? तुम्ही डायरेक्ट ना? मग तुम्हाला ते माफ आहे. माफ आहे म्हणजे तुम्हाला ते येतं असं धरलंय.”

वर्ग हसला. त्यांना मला खाली बघायला लावायचं नव्हतं, ते नियम सांगत होते. आणि नियम खराच होता. मला येतं असं सरकारनं धरलं होतं, आईनं धरलं होतं, गल्लीनं धरलं होतं. मी तेवढी उरले होते. आधी कळस मग पाया म्हणतात ना, तो प्रकार. शिकवणी लावावी म्हटलं तर आईला कारण सांगावं लागलं असतं. हुशार पोरीला शिकवणी कशाला? मग मी मुलांच्या वह्या आणून गणितं पाठ केली. अक्षरशः पाठ, शाळेतल्या कवितांसारखी. परीक्षेत त्यांनी आकडे बदलले.

निकाल लागला. गणितात एक आकडी गुण. आणि गणितावर उभे असलेले आणखी तीन विषय गेले. एक-दोन विषय राहिले तर ते डोक्यावर घेऊन पुढच्या वर्षात जाता येतं, त्याला एटीकेटी म्हणतात. माझे त्याहून जास्त राहिले. मला वर्षभर बाहेर बसायचं होतं. मुलं याला ईयर डाऊन म्हणायची, तेही तोडून ‘वायडी’. “तुझं काय झालं?” “वायडी.” चहा सांगावा इतकं सोपं करून म्हणायची. वाचवलेलं वर्ष हातातून गेलं ते असं. आई त्या दिवशी कुणाच्या तरी दोन जास्तीच्या जोडांचं काम घेऊन बसली होती. मी घरी जाऊन सांगितलं, पास.

वायडीला वर्गात बसता येत नाही, फक्त परीक्षा देता येते. पण घरी तर मी शेवटच्या वर्षात होते. म्हणून रोज सकाळी डबा घेऊन आठची एसटी धरायची आणि कोल्हापूरला जायचं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसायचं, ऊन झालं की वाचनालयात बायकांच्या टेबलाशी. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आणलं होतं. सोडवून दाखवलेल्या उदाहरणापर्यंत मी पोचायचे. मग ‘यावरून स्पष्ट आहे की’ अशी ओळ यायची आणि पुस्तक आणि मी वेगळे व्हायचो. मला काहीच स्पष्ट नसायचं.

एके दिवशी सुचलं, की पहिल्या वर्षाच्या वर्गातच जाऊन बसावं. नाहीतरी शहरात येतेच आहे. गेले. मागच्या बाकावर पोरांच्यात बसले. एक नवीन मॅडम डेरिव्हेटिव्ह अगदी पहिल्यापासून शिकवत होत्या, आणि शपथेवर सांगते, मला कळत होतं. चार दिवस मला सलग कळत होतं. इतकं साधं होतं ते! पाचव्या दिवशी हजेरीत एक डोकं जास्त भरलं. मॅडमनी मला उभं केलं, मग विभागप्रमुखांकडं नेलं. त्यांनी माझी फाइल मागवून पाहिली.

“अहो, तुमचं पहिलं वर्ष झालेलं आहे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घालत होते. “झालेल्या वर्षात परत बसवता येत नाही. उद्या कुणी तपासायला आलं तर मी काय दाखवू?”

मी म्हटलं, नुसतं ऐकते, बाकाशिवाय, दारात उभी राहून. ते म्हणाले, तसं करता येत नाही. मॅडमना माझी कीव आली असावी, त्या जमिनीकडं बघत होत्या. माझ्या आयुष्यात मला गणित फक्त चार दिवस आलं, ते हेच चार.

त्याच हिवाळ्यात आईचा माल परत आला. व्यापाऱ्याचा माणूस पिशवी ठेवून गेला, सांधे सुटलेत म्हणून. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिनं एकेक पैंजण बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “तारच वंगाळ आली आसंल.” तार चांगली होती. मी रात्रीचं जेवण झाल्यावर ते सगळे सांधे पुन्हा झाळले. ती शेजारी बसून मला दिवा धरत होती, आणि ज्योत कुठं आहे हे तिला माझ्या हातावरून कळत होतं.

उन्हाळ्यात तिनं विचारलं, “संपलं न्हवं गं आता?”

“एक वर्ष वाढलंय,” मी म्हटलं. “सरकारनं वाढवलंय. तिनाचं चार केलंय, मग आमचं दोनाचं तीन.”

“मग डायरेक्ट कशाला म्हणत्यात?”

याचं उत्तरही तिनंच शोधलं. “सरकार काय बी करतंय,” म्हणाली. “करू आजून एक वरीस.” पदरानं डोळे टिपले आणि कामाला बसली. ते डोळे रडण्यानं नाही, धुरानं भरायचे. मला ते रडणं असतं तर बरं वाटलं असतं.

वर्षभर बाहेर बसून दिलेल्या परीक्षांत बाकीचे विषय सुटले. गणित घेऊन मी शेवटच्या वर्षात गेले, शेवटचं वर्षही सुटलं. गणित राहिलं. हिवाळ्यात बसले, उन्हाळ्यात बसले, पुन्हा हिवाळ्यात. आपल्याकडं ‘एक विषय राहिलाय’ असं म्हणणारी पुष्कळ माणसं भेटतात. ते वाक्य बोलायला इतकं हलकं आहे, की त्याच्याखाली पूर्ण माणूस गाडलेला असतो हे कळत नाही. त्या शेवटच्या खेपेलाही नापास झाले त्या दिवशी मी घरी सांगितलं, पास. आईनं गल्लीत पेढे वाटले. मी तिचा हात धरून घरोघर नेत होते, कारण पायऱ्या तिला दिसत नव्हत्या.

शिरोलीला कारखान्यांच्या दारात पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. माझ्या बाकावरचा एक डायरेक्टवाला तिथं लागला होता, त्याला घरी गणित शिकवणारा मोठा भाऊ होता. मी आईला सांगायचे, जागाच निघत न्हाईत. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. तेव्हा आईनं चिमटा ठेवला. मी तिच्या जागी बसले आणि तो उचलला.

आता यातलं सगळ्यात वाईट. मी नोकरीला का गेले नाही, याचं कारण आईनं स्वतःच ठरवून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, “माझ्या डोळ्यापायी थांबली पोरगी. न्हायतर हापिसात आसती.” कधी कधी मला म्हणायची, “माझं मेलीचं डोळं आडवं आलं गं तुझ्या.” मी खाली मान घालून कडीत कडी अडकवत राहायचे. मी एकदाही म्हटलं नाही, आई, तसं नाही. ती आंधळी झाली माझ्यापायी, आणि अपराध मात्र तिच्या पदरात. एवढं करूनही मला जेवण जात होतं, झोप लागत होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, घरोघर मोबाइल यायला लागले त्या सुमाराला, शेजारची मुलगी व्होकेशनलची बारावी झाली. इलेक्ट्रॉनिक्सच. झाळकाम तिनं माझ्याजवळ बसून शिकलेलं. ती आणि तिची आई आमच्याकडं विचारायला आल्या. दोन्ही याद्यांत तिचं नाव लागलं होतं.

“सर म्हणत्यात पहिलंच घे,” मुलगी म्हणाली. “काय करू आक्का?”

“त्यास्नी काय हुतंय सांगायला,” आई दारातून म्हणाली. “आमच्या हिनं केलंय की डायरेक्ट. सांग की गं तिला.”

तिघी माझ्याकडं वळल्या. आई तर आवाजाच्या अंदाजानं माझ्या खांद्याकडं बघत होती. पहिलं वर्ष घे, एवढे तीनच शब्द. पण ते बोलले असते तर आईनं विचारलं असतं, का गं? आणि त्या ‘का’च्या मागं सगळं ओळीनं उभं होतं.

“डायरेक्ट घे,” मी म्हटलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती आली. चेहरा उतरलेला, हातात गणिताची वही. म्हणाली, “आक्का, मला ह्यातलं कायच येत न्हाय. कुणाला सांगायची सोय न्हाय. तुमी कसं शिकलासा?”

मी वही घेतली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. “शिकीव की गं तिला,” आई म्हणाली. तिच्या आवाजात मला कित्येक वर्षांनी खुशी ऐकू आली.

“आज हातातलं संपवायचं हाय,” मी मुलीला म्हटलं. “उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन सहाला आली. आईनं चाचपडत दोन पाट शेजारी शेजारी मांडून ठेवले होते.